नृसिंहराव आणि आपोआप

कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. माझा धाकटा अजून तिथं बॉयलरवर कामाला आहे, आणि आमच्याकडं बापानं तोंड उघडलं की पोराची पाळी बदलते. बेलापुरातून सायकलवर जाता येतं एवढ्या अंतरावर तो आहे, आणि माझी उभी नोकरी तिथंच झाली, एवढं पुरे. मी बिभीषण, वजनकाट्यावरचा कारकून. उसाची गाडी आली की काट्यावर घ्यायची, चिठ्ठीचा नंबर कॉम्प्युटरवर टाकायचा, भरल्या गाडीचं वजन घ्यायचं. गव्हाणीत ऊस खाली करून गाडी परत आली की रिकामीचं वजन घ्यायचं आणि पावती फाडून हातात द्यायची. हे काम गाढवालाही जमेल असं आमचा एक शेतकी अधिकारी म्हणायचा. जमेलही. पण त्या गाढवापुढचा कॉम्प्युटर नीट चालायला लागतो, आणि तो चालवणारा माणूस म्हणजे नृसिंहराव.

नृसिंहराव बेलापूरच्या भटजींच्या घरातले. वडील पूजा सांगायचे, शाळेत संस्कृत शिकवायचे. पोरानं श्रीरामपुरात कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, आता हा बँकेत लागणार. लागला आमच्या कारखान्यात. अंगानं काडी, शर्ट कायम खोचलेला, जाड भिंगाचा चष्मा, आणि चालताना असा खाली बघत चालणार की जणू काहीतरी सांडलंय. गाडीवान त्यांना तोंडावर 'कॉम्प्युटरभट' म्हणायचे. राग नाही यायचा त्यांना. उलट हाक आली की 'ओ' द्यायचे. आमच्या ऑफिसातले साहेब लोक मात्र त्यांना काहीच म्हणायचे नाहीत, कारण साहेब लोकांना ते माणूस असल्याचं ठाऊकच नव्हतं.

ते यायच्या आधीचे हंगाम मला आठवतात. काट्यापुढं बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची रांग पार फाट्यापर्यंत जायची. ऊस उन्हात वाळायचा, वाळला की वजन घटायचं, आणि ज्याचं घटलं तो शेतकरी काट्याच्या खिडकीत येऊन माझ्या आईचा उद्धार करायचा. कॉम्प्युटर आले तरी तेच. नंबर टाकला की तो यंत्राचा बाप विचार करत बसायचा. नृसिंहराव आले, एक अख्खा हंगाम माझ्या केबिनमध्ये स्टूल टाकून बसले, आणि पुढच्या हंगामात नंबर टाकला रे टाकला की सभासदाचं नाव, गट, उसाची जात, तोडणीचा मुकादम, सगळं पुढ्यात. मी विचारलं, काय जादू केलीत? तर म्हणाले, नवा पोस्टमन दारोदार विचारत फिरतो, जुना थेट उंबऱ्यावर जातो. तसे रस्ते लावून दिलेत. त्याला इंडेक्स म्हणतात. डेटाबेस म्हणजे सगळं गाव, आणि इंडेक्स म्हणजे कुठल्या घराला कुठून जायचं ते. एवढंच मला कळलं आणि तेवढ्यावर माझी नोकरी निघाली.

पण रस्ते एकदा लावून भागत नाही. उसाची नोंद वाढते, गावं वाढतात, कुणीतरी वरून नवा रिपोर्ट मागतो आणि सगळं जड होतं. नृसिंहराव त्यावर कान लावून बसलेले असायचे. कान म्हणतो ते खरंच कान. माझा पावत्यांचा प्रिंटर करकर वाजायचा, त्या करकरीत जरा ढिलाई आली की हा माणूस संगणक विभागातून उठून चालत यायचा आणि विचारायचा, बिभीषणराव, मघापासून जड वाटतंय का? मला काही जाणवलेलं नसायचं. परत जाऊन काहीतरी खुडबुड करायचे, आणि मला कळायच्या आत ते दुखणं गेलेलं असायचं.

हेच त्यांचं मरण झालं. जे दुखणं कुणाला जाणवलंच नाही, त्याच्या वैद्याला कोण विचारतो? हंगामात त्यांनी कुणाचं लग्न पाहिलं नाही, कुणाचं तेरावं पाहिलं नाही. मुलगी मनवा, तिच्या बारशाला हे काट्यावर. प्रेमला वहिनी, त्यांच्या मिसेस, बालवाडीवर शिकवतात. जिभेला धार आहे बाईंच्या. त्या मला म्हणायच्या, भावजी, आमच्या घरात सवत आहे, तिचं नाव काटा. आणि दर हंगामाच्या शेवटी सत्कार व्हायचे. चीफ इंजिनिअरला शाल, चीफ केमिस्टला शाल, जास्त ऊस आणणाऱ्या मुकादमाला फेटा. नृसिंहराव त्या मंडपात खुर्च्यांच्या शेवटच्या ओळीत बसून टाळ्या वाजवायचे. मला आतून जळायचं. त्यांना म्हटलं तर म्हणायचे, सोडा हो, काटा चालला ना.

मग आले रविराज साहेब. आमचे नवे कार्यकारी संचालक. वय चाळिशीच्या आतलं, शिक्षण मोठं, बोलणं गोड, कुणाला कधी वर आवाजात बोलले नाहीत. असला माणूस फार वाईट. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीशी करार केला आणि एक दिवस सभागृहात सगळ्यांना बोलावलं. कंपनीकडून हर्षल नावाचा इंजिनिअर आला होता. मुलगा सालस, खोटं नाही बोलणार मी. त्यानं पडद्यावर दाखवलं. म्हणाला, हा नवा डेटाबेस स्वतःच स्वतःला सांभाळतो. कुठं हळू चाललंय ते आपलं आपण बघतो, दुरुस्त करतो, जे लागत नाही ते काढून टाकतो, चुकलं तर मागं घेतो. माणसानं बघत बसायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य तो बोलला आणि सभागृहातल्या सगळ्या माना नृसिंहरावांकडं वळल्या. ते खाली बघत होते, नेहमीसारखे.

आम्ही काट्यावरच्या लोकांनी त्या यंत्राचं नाव 'आपोआप' ठेवलं. चहाला बसलं की, काय म्हणतोय आपोआप? जेवला का आपोआप? नृसिंहरावही हसायचे. त्यांना तेव्हा माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं, की रविराज साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजून सांगितलं होतं: येत्या हंगामात तुम्ही कशात लक्ष घालायचं नाही. काटा तुमच्याविना नीट चालला, तर हंगामानंतर तुमचं पद ठेवायचं कारण उरत नाही. नाही चालला, तर पद राहील, सन्मानानं राहील. तुमच्यावर अन्याय होऊ देणार नाही मी, असंही म्हणाले वर. बोकडाला हळदकुंकू लावून म्हणायचं, तुला दुखणार नाही.

निवृत्तीला पाच वर्षं राहिलेली. मनवा पुण्यात शिकत होती. या वयात या माणसाला कोण उभं करणार? फार तर शिर्डीत एखाद्या लॉजच्या काउंटरवर खोल्यांच्या नोंदी घ्यायला. पण ते मला म्हणाले ते वेगळंच. आम्ही दोघं कारखान्याच्या बाहेर वडाखाली बसलो होतो. म्हणाले, "मला घरी बसवा, चालेल. पण काटा माझ्याशिवाय चालतो हे मला बघायला लागू नये."

आपोआप बसवला आषाढात. का, तर कारखाना बंद, ऊस नाही, गाड्या नाहीत, काही बिघडलं तरी कुणाचं अडत नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. नृसिंहरावांनी तेव्हाच सांगितलं होतं, की साहेब, याला एक हंगाम माझ्या शेजारी बसून नुसतं बघू द्या, मग हातात द्या. साहेब म्हणाले, एक वर्ष वाया कशाला घालवायचं? आता मला सांगा, पावसाळ्यात काय असतं कारखान्यात? लागणीच्या नोंदी, सभासदांची दिवाळीची साखर, वार्षिक सभेची भांडणं. पावसाळ्यात आलेल्या पाव्हण्याला वाटणार, हे साखर वाटायचं दुकान आहे. काट्याला त्या दिवसांत कुलूप असतं, माझ्या खुर्चीवर मांजर व्यालेली असते.

हर्षललाही ते कळत होतं बरं का. त्यानं सांगितलं, हंगामाआधी एक दिवस काट्यावर पाच-पन्नास गाड्या घेऊन चाचणी करू, म्हणजे काटा कसा चालतो ते यंत्राला कळेल. शहाणा मुलगा. पण आमच्याकडं मोळी पडल्याशिवाय काट्यावर गाडी चढत नाही. गव्हाणीची पूजा व्हायची, चेअरमनच्या हातानं गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायची, मग पहिली गाडी. फार वर्षांमागं कुणीतरी आधी चाचणी घेतली होती आणि त्या साली मिलचा रोलर मोडला. तेव्हापासून चेअरमन कोणी का असेना, हा नियम पाळतो. कोट्यवधीचं यंत्र आणतील, पण मोळीआधी काट्यावर रिकामा बैलसुद्धा घेणार नाहीत. मी स्वतः पाळतो तो नियम, म्हणून हसत नाही. चेअरमननं हर्षलला सांगितलं, अशुभ बोलू नका. झालं.

भाद्रपदात गणपती बसले होते तेव्हा नृसिंहराव माझ्या घरी आले. आरती झाली, प्रसाद घेतला, आणि जाईनात. मी त्यांना ओट्यावर घेऊन बसलो. तेव्हा त्यांनी सांगितलं. आपोआपनं काय काय केलं त्याची यादी तो स्वतःच पडद्यावर लावत असतो. ती कुणी वाचत नाही, हे वाचत होते. त्यात त्यांनी पाहिलं, की काट्याचे सगळे इंडेक्स त्यानं काढून टाकलेत. बसवल्यापासून दोन महिने कुणी त्या रस्त्यानं गेलं नाही, म्हणून रस्ताच बुजवला. यंत्राच्या बाजूनं बरोबरच होतं ते. पण पहिल्या दिवशी शेकडो गाड्या काट्यावर येतील आणि प्रत्येक नंबरासाठी सगळं गाव धुंडाळावं लागेल. काटा बसणार, पक्का बसणार.

मी विचारलं, परत लावायला किती वेळ लागेल? म्हणाले, एकेक ओळीचं काम आहे, चहा गार व्हायच्या आत होईल. पासवर्ड अजून आहे माझ्याकडं, काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. मग मी विचारलं, लावणार का?

मी सरळ सांगितलं, "लावू नका. पडू द्या त्याला तोंडावर." आजही तेच सांगेन. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचं ऊन वाचवलं, त्याच्या पोटावर पाय यायची वेळ आली तर त्यानं एक दिवस हाताची घडी घालून बसावं, यात पाप कसलं? ते म्हणाले, प्रेमलाही तेच म्हणते. वहिनींनी त्यांना काय सांगितलं ते मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. "इतकी वर्षं कुणाला कळू न देता सांभाळलंत," त्या म्हणाल्या होत्या. "एकदा कळू द्या की."

शेवटी त्यांनी स्वतःशी एक ठरवलं. आपण होऊन हात लावायचा नाही. रविराज साहेब स्वतः काट्यावर आले, नृसिंहराव जरा बघा म्हणाले, की खुर्चीत बसायचं आणि चहा गार व्हायच्या आत काटा चालू करून द्यायचा. बाकी काही नको होतं त्या माणसाला. पगारवाढ नको, शाल नको. चारचौघांत एक हाक पाहिजे होती.

पण ठरवणं वेगळं आणि बसणं वेगळं. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटवायची पूजा असते. दरवर्षी मंत्र म्हणायला नृसिंहरावच, कारखान्याला फुकटचा भट. त्या वर्षी दोनदा अडखळले. त्यांच्या तोंडून मंत्र चुकलेला मी कधी ऐकला नव्हता. पूजा झाल्यावर मी थट्टेनं विचारलं, काय मागितलं देवाकडं? तर माझ्याकडं न बघता म्हणाले, विचारू नका. घरी देवापुढं दिवा लावायचा त्यांचा नेम होता, काटा थांबू नये म्हणून. आता कशासाठी लावायचा? जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. वहिनी म्हणायच्या, असं तोंड करून बसण्यापेक्षा लावून या जा ते तुमचे रस्ते. तर त्यालाही नाही म्हणायचे. अडकित्त्यात सापडल्यासारखं झालं होतं त्यांचं.

मोळीचा दिवस उजाडला. मंडप, सनई, पाहुणे, सगळं नेहमीसारखं. चेअरमननं मोळी टाकली, नारळ फुटले, भोंगा झाला. नृसिंहराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. ते मंडपात थांबलेच नाहीत. सरळ माझ्या केबिनमध्ये येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, त्याच जुन्या.

पहिल्या हार घातलेल्या गाडीची पावती पटकन निघाली. पुढच्या दोन-चार निघाल्या. मग गाड्यांचा रेटा वाढला, तसं नंबर टाकावा आणि पडद्याकडं बघत बसावं. मग एक गाडी काट्यावर आणि पडद्यावरचं चक्र फिरतंय, फिरतंय. बाहेर बैल पाय आपटायला लागले. ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न लावले. बघता बघता रांग गेटच्या बाहेर गेली आणि रस्त्याला लागली. माझ्या जोडीदारानं वर ऑफिसला फोन लावला. मी नृसिंहरावांकडं पाहिलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते आणि दाराकडं बघत होते. दारात कुणी येत नव्हतं. मला मनातून आनंद झाला होता, लपवत कशाला? म्हटलं, येतोय आता बघा साहेब धावत.

साहेब नाही आले. आली रंगुबाई. ही पाथर्डीकडची, ऊसतोडणीला नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षं आमच्या कारखान्यावर येणारी बाई. आता सासू झालेली, पण कोयता सुटला नाही. तिची गाडी रांगेत अडकली होती. उसावर सून बसली होती, ओली बाळंतीणच म्हणा ना, मांडीवर एवढंसं लेकरू, वर धुडक्याची सावली. रंगुबाई खिडकीशी आली, माझ्यावर खेकसायचं म्हणून तोंड उघडलं, आणि तिला कोपऱ्यात नृसिंहराव दिसले.

"भट, तुमी हितं हायेत?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला. "तुमी हितं आसून काटा कसा काय थांबला वो? मला वाटलं तुमी न्हाईत, म्हून थांबला."

शिवी दिली असती तर बसले असते ते. हे ऐकून त्यांना बसवेना. मला ढकलल्यासारखं करून खुर्चीत बसले, चष्मा नाकावर चढवला, त्यांचा तो जुना पडदा उघडला, पासवर्ड टाकला. बाहेर ती बाई खिडकीचे गज धरून बघत होती.

पहिली ओळ अर्धी टाइप झाली होती तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनीच उचलला. रविराज साहेबांचा गोड आवाज मला शेजारून स्वच्छ ऐकू आला. "नृसिंहराव, तुम्ही काट्यावर आहात ना? बरं झालं. कशालाही हात लावू नका. त्याला कळलंय काय झालंय ते, तो करतोय."

त्याला. त्या यंत्राला. नृसिंहरावांनी फोन ठेवला आणि दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलले. ते तसेच हवेत धरून बसले, तेवढ्यात माझा प्रिंटर करकरला. अडकलेली पावती निघाली. मी पुढचा नंबर टाकला, नाव पुढ्यात. त्याच्या पुढचा टाकला, नाव पुढ्यात. आपोआपनं आपलं आपण ओळखलं होतं की रस्ते बुजवल्यामुळं गाडं अडलंय, आणि आपलं आपण परत लावले होते. हर्षल खोटं बोलला नव्हता. माझ्या जिभेला फोड आला तरी हे मला कबूल करावंच लागेल, की ते यंत्र चांगलं होतं.

खिडकीबाहेर रंगुबाईला फोन ऐकू गेला नव्हता. तिनं पाहिलं होतं ते एवढंच, की भट खुर्चीत बसला, बोटं चालवली आणि काटा सुरू झाला. तिनं गजातून दोन्ही हात आत घालून जोडले.

"बगा बरं, तुमी हात लावला आन लागला चालायला. देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. मागं वळून तिनं रांगेलाही ओरडून सांगितलं, भटानं काटा सोडवला म्हून. गाडीवानांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी कॉम्प्युटरभटाच्या नावानं चांगभलं केलं.

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. आयुष्यभर लोकांचं काम केलं तेव्हा कुणी बोललं नाही. काटा बंद पडावा म्हणून ज्या दिवशी देव पाण्यात घालून बसले, त्या दिवशी या बाईनं हात जोडले. ते काहीतरी सांगायला गेले तिला. ओठ हलले. पण ती गाडीकडं पळत गेली होती, तिचा नंबर आला होता.

ते उठले आणि निघाले. मी काटा जोडीदाराच्या हवाली करून मागं गेलो, कारण चेहरा बरा दिसत नव्हता. सरळ रविराज साहेबांच्या केबिनमध्ये शिरले, दार न वाजवता. मी दारात थांबलो. आत पेढे वाटणं चाललं होतं. साहेब हर्षलची पाठ थोपटत होते, चेअरमनचे पाहुणे सोफ्यावर, पडद्यावर कसला तरी उतरता आलेख.

नृसिंहराव मध्ये उभे राहिले आणि सगळं बोलून मोकळे झाले. मी त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, साहेब, हे होणार हे मला भाद्रपदापासून माहीत होतं. एका ओळीचं काम होतं, मुद्दाम केलं नाही. तुम्ही मला बोलवावं म्हणून केलं नाही. बाहेर बायामाणसं, लेकरं उन्हात बसली ती माझ्यामुळं बसली. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा.

हर्षलनं मान खाली घातली, त्याला कळलं असावं. मला वाटलं, आता साहेब उसळतील. नोटीस देतील, चौकशी लावतील, शिपायाला बोलावून बाहेर काढतील. मी मनात भांडायची तयारीसुद्धा केली.

रविराज साहेब पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अहो नृसिंहराव, कशाला मनाला लावून घेता? तुम्ही सांगितलं असतं काय, नसतं सांगितलं काय, त्यानं केलंच असतं. तुमच्यामुळं काहीसुद्धा अडलं नाही." आणि पेढा पुढं केला.

त्यांनी घेतला. काय करणार? दिलेला प्रसाद नाही म्हणायची सवय नाही त्यांच्या घराला. साहेब पाहुण्यांकडं वळले, बोलणं पुढं सुरू झालं. नृसिंहराव थोडा वेळ तिथंच उभे राहिले, कुणी अजून काही म्हणेल म्हणून. कुणी म्हटलं नाही.

बाहेर आलो. काट्याकडून हॉर्न नव्हते, आरडाओरडा नव्हता, गाड्या एकामागं एक चढत-उतरत होत्या. मी साहेबाला आईवरून दोन शिव्या हासडल्या. नृसिंहरावांनी मला थांबवलं. हंगाम संपायची वाट बघणार नाही, उद्याच राजीनामा देतो, असं शांतपणे सांगितलं. मग सायकलच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. दुसऱ्या हाताच्या मुठीत पेढा चेपून गेला होता.

"बिभीषणराव," ते म्हणाले, "त्यांनी मला शिवी तरी घालायची होती हो. एवढा तरी माझा हक्क होता."